शिकारी रायफलीचा ट्रिगर किती हलका असावा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शिकारी रायफलींवर लेखमाला सुरू आहे. तिच्या ताज्या भागात नवशिक्या शिकाऱ्याला असा सल्ला दिला आहे की, रायफल हाती येताच तिचा ट्रिगर स्पर्धेतल्या नेमबाजांच्या ट्रिगरइतका हलका, म्हणजे ७०० ग्रॅमच्या आत, करून घ्यावा. त्यामुळे नेम आपोआप सुधारतो, असे लेखकाचे म्हणणे आहे. लेखकाचा हेतू चांगला आहे आणि कारखान्यातून येणाऱ्या जड ट्रिगरबद्दलची त्यांची तक्रारही खरी आहे. परंतु हा सल्ला जसाच्या तसा पाळला गेला तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

ट्रिगरचे वजन म्हणजे, सिअर (फायरिंग पिनला अडवून धरणारा भाग) सुटून फायरिंग पिन (काडतुसावर घाव घालणारी सुई) पुढे झेपावेपर्यंत बोटाला ट्रिगरवर जेवढा जोर द्यावा लागतो तो जोर. तो ग्रॅममध्ये किंवा पौंडात मोजतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. बोल्ट ॲक्शनच्या, म्हणजे दर गोळीनंतर बोल्टची मूठ हाताने मागेपुढे करून भरायच्या, शिकारी रायफलींत हे वजन सर्वसाधारणपणे अडीच ते चार पौंडांच्या, म्हणजे साधारण १.१ ते १.८ किलोच्या दरम्यान ठेवण्याची पद्धत आहे. याउलट टेबलावर रायफल टेकवून कागदावर एकाच छिद्रात गोळ्या घालण्याची जी बेंचरेस्ट स्पर्धा असते, तिच्यातले ट्रिगर दोन औंसांचे, म्हणजे ६० ग्रॅमच्याही आतले असतात. हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एका जागेवरचा आकडा उचलून दुसऱ्या जागी बसवताना.

स्पर्धेतला नेमबाज रायफल भरतो तेव्हा नळी लक्ष्याच्या दिशेला असते, समोर गोळी अडवणारा बांध असतो, लक्ष्य हलत नाही आणि गोळी झाडायची नसेल तर काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, नसतेच. एवढी शिस्त असूनही आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने अनेक प्रकारांत ट्रिगरच्या किमान वजनाची अट घातली आहे: १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला १५०० ग्रॅम. १० मीटर एअर रायफलीला अशी किमान मर्यादा नाही आणि तिथे अत्यंत हलके ट्रिगर चालतात. पण त्या रायफलीतून सुटतो तो एक छोटा छर्रा, तोही ठरलेल्या जागी उभे राहून. ‘स्पर्धेतले नेमबाज हलके ट्रिगर वापरतात’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे. मोठ्या काडतुसाच्या स्टँडर्ड रायफलीसाठी स्पर्धेचा नियमच दीड किलोची मागणी करतो, आणि शिकारी रायफल जातकुळीने त्याच रायफलीच्या जवळची आहे.

शिकाऱ्याची परिस्थिती याहून निराळी असते. तो चढ चढून आलेला असतो, त्याला धाप लागलेली असते, जनावर दिसताच छातीत धडधड सुरू होते आणि बोटांतली बारीक जाण नेमकी त्याच वेळी मंदावते. पहाटेच्या गारठ्यात ती आणखी कमी होते. हातमोजा घातला असेल तर काय होते ते रिकाम्या रायफलीवर कोणालाही पाहता येईल. जाड हातमोज्याचे बोट ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, शिरताना कापडाची घडी ट्रिगरच्या कडेला आधी टेकते, आणि बोटाच्या पेराला ट्रिगरचा स्पर्श जाणवण्यापूर्वीच त्या घडीतून दाब पोचलेला असतो. दीड किलोच्या ट्रिगरवर या दाबाने काही बिघडत नाही. अर्ध्या किलोच्या ट्रिगरवर मात्र नेम जमायच्या आत बार उडतो. ती गोळी जनावराच्या पोटात किंवा पायात बसली तर ते जखमी होऊन दूर जाते आणि तासन् तास तडफडते. आणि नळी त्या क्षणी दुसरीकडे वळलेली असेल तर काय होईल ते लिहिण्याची गरज नाही.

म्हणून माझ्या मते शिकारी रायफलीच्या ट्रिगरचे योग्य वजन ठरवण्याची कसोटी एकच आहे: ज्या सर्वांत वाईट परिस्थितीत तुम्ही शिकार करणार आहात, त्या परिस्थितीतही तुमच्या बोटाला ट्रिगरला टेकल्याची जाणीव आणि ट्रिगर दाबल्याची जाणीव वेगवेगळी कळली पाहिजे. ज्या वजनावर या दोन जाणिवा एकमेकींत मिसळतात ते वजन तुमच्यासाठी फार हलके आहे. मग गोळीबाराच्या मैदानावर त्याने गोळ्या कितीही एकमेकींजवळ पडत असोत. ही कसोटी उबदार खोलीत, उघड्या बोटाने, दुकानाच्या काउंटरवर लावता येत नाही. जो हातमोजा वापरणार तोच घालून, शक्यतो थंडीत, आणि थोडे धावून दम लागल्यावर ती लावली पाहिजे.

जड ट्रिगरचा कैवार घेणाऱ्यांशीही मी सहमत नाही, हे येथेच स्पष्ट करतो. तीन किलोचा ट्रिगर ‘सुरक्षित’ असतो ही समजूत खोलवर रुजलेली आहे. पाय घसरला, तोल गेला, किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट पकडले की गार्डमधले बोटही नकळत आवळले जाते, आणि या आवळण्याचा जोर कोणत्याही नेहमीच्या ट्रिगरच्या वजनापेक्षा जास्त असू शकतो. अशा वेळी वाचवते ती फक्त बोट गार्डच्या बाहेर ठेवण्याची आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवण्याची सवय. ट्रिगरचे वजन हे या सवयीला पर्याय म्हणून कधीच धरू नये.

शिवाय जड ट्रिगरने नेम कसा बिघडतो याचा हिशोब सोपा आहे. रायफल साधारण एक मीटर लांबीची असते. दस्ता खांद्यावर टेकलेला असताना बोटाच्या ओढीमुळे नळीचे टोक अवघे एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर १०० मीटरवर गोळी १०० मिलिमीटर बाजूला जाते आणि २०० मीटरवर २०० मिलिमीटर. हरणाच्या जातीच्या मध्यम जनावराचे हृदय आणि फुप्फुसे ज्या भागात असतात, तो भाग जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर रुंदीचा असतो. म्हणजे मधोमध धरलेला नेमही २०० मीटरवर एका मिलिमीटरच्या चुकीने त्या भागाबाहेर जातो. साडेतीन किलोची रायफल हातात असताना तीन किलोचा ट्रिगर ओढायचा म्हणजे जवळजवळ रायफलीच्या वजनाइतका जोर एका बोटाने लावायचा. त्यात मनगट वळते, तळहात आवळला जातो, आणि कधी एकदा सुटतो असे होऊन शेवटी माणूस ट्रिगरला हिसका देतो. ट्रिगरचे वजन रायफलीच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असावे असा एक ढोबळ ठोकताळा आहे. तो शास्त्र नसला तरी आरंभाला उपयोगी पडतो.

कारखाने ट्रिगर जड का ठेवतात, याचे कारण नेमबाजीत नसून न्यायालयात आहे. अपघात झाला तर भरपाईचे दावे होतात, म्हणून अनेक वर्षे बऱ्याच रायफली गरजेपेक्षा जड ट्रिगर घेऊन बाजारात येत असत. हे चित्र २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बदलू लागले. सॅव्हेज कंपनीने तेव्हा ॲक्युट्रिगर नावाची रचना आणली, आणि ती मला आजही या क्षेत्रातल्या सर्वांत समंजस सुधारणांपैकी एक वाटते. त्यात ट्रिगरच्या मधोमध एक पातळ पाते पुढे आलेले असते. बोटाने ते पाते दाबले नसेल आणि रायफलीला धक्का बसून सिअर सरकलाच, तर तो मध्येच अडतो आणि फायरिंग पिनपर्यंत काही पोचत नाही. बोल्टची मूठ पुन्हा उचलून ट्रिगर पूर्वस्थितीत आणावा लागतो. यामुळे मालकाला स्वतःच वजन कमी करण्याची मोकळीक देणे कंपनीला परवडले. पुढे इतर उत्पादकांनीही अशाच धर्तीची पाती आणि मालकाला फिरवता येणारे स्क्रू दिले.

आता वजनाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा मुद्दा. मूळ लेखात त्याचा उल्लेखही नाही. ट्रिगर हाताला कसा लागतो हे केवळ वजनावर ठरत नाही. बोटाने दाब वाढवत नेताना ट्रिगर घासत, अडखळत सरकत असेल तर त्या सरकण्याला क्रीप म्हणतात. सिअर सुटल्यावरही ट्रिगर मागे जात राहतो, त्याला ओव्हरट्रॅव्हल म्हणतात. १.६ किलोचा ट्रिगर अजिबात न सरकता काचेची काडी मोडावी तसा एकदम सुटत असेल, तर तो १.१ किलोच्या खरखरीत ट्रिगरपेक्षा बोटाला हलका लागतो. खरखरीत ट्रिगर नेमका केव्हा सुटेल हे बोटाला कळत नाही आणि त्या अनिश्चिततेत शरीर आधीच दचकते. ‘माझा ट्रिगर फार जड आहे’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या रायफली ट्रिगरचे वजन मोजणाऱ्या गेजवर मोजल्या की बऱ्याचदा आकडा ठीकच निघतो, आणि दोष असतो तो सरकण्यात. अशा वेळी वजन कमी करून काही साधत नाही. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्याचे काम जाणकार बंदूक कारागिराने करायचे असते. घरी कानस घेऊन बसण्याचे ते काम नव्हे, कारण पोलादाचा कठीण केलेला थर फार पातळ असतो आणि तो एकदा गेला की कड भराभर झिजते.

टेकणे आणि दाबणे बोटाला वेगवेगळे कळावे यासाठी दोन टप्प्यांचा ट्रिगर हा जुना आणि अतिशय शहाणपणाचा उपाय आहे. १८९८ च्या माउझर लष्करी रायफलीत तो होता. पहिल्या टप्प्यात ट्रिगर हलक्या दाबाने मागे येतो आणि एका जागी थांबतो. तिथून पुढे थोडा अधिक जोर दिला की सुटतो. हातमोजा घातलेल्या बोटालाही ती थांबण्याची जागा कळते, आणि वर सांगितलेली कसोटी जवळपास आपोआप पुरी होते. आजच्या बहुतेक शिकारी रायफलींत एकाच टप्प्याचा ट्रिगर असतो आणि तोही उत्तम असू शकतो. परंतु गारठ्याच्या प्रदेशात शिकार करणाऱ्या नवशिक्याने मला विचारले तर मी दोन टप्प्यांचाच ट्रिगर सुचवीन.

सेट ट्रिगर हा युरोपात लोकप्रिय असलेला आणखी एक प्रकार आहे. त्यात मागचा ट्रिगर ओढून, किंवा काही रायफलींत एकच ट्रिगर पुढे ढकलून, तो अत्यंत हलका करता येतो. तसे केले नाही तर तीच रायफल नेहमीच्या वजनावर चालते. लांबच्या अंतरावर, टेकून, शांतपणे नेम धरायचा असेल तर ही सोय छान आहे. मात्र ट्रिगर सेट करायचा तो नेम जमल्यावरच, आणि गोळी झाडायची नाही असे ठरले तर नळी सुरक्षित दिशेला ठेवून, उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने तो उतरवल्याशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही. ज्याच्या हाताला ही सवय नाही त्याने सेट ट्रिगरच्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत धोकादायक भाग पुढे आहे, आणि संपादक महाशय, केवळ यासाठी जरी माझे पत्र छापले गेले तरी मला समाधान वाटेल. ट्रिगर हलका करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, ट्रिगरच्या स्प्रिंगचा ताण कमी करणे. दुसरा, सिअर आणि ट्रिगर यांच्या कडा एकमेकींवर जेवढ्या टेकलेल्या असतात ती टेक कमी करणे. पहिला मार्ग उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत सुरक्षित आहे. दुसऱ्या मार्गाने क्रीप नाहीसा होतो आणि ट्रिगर हाताला फार गोड लागतो, म्हणूनच तो मोहात पाडतो. पण त्या कडा जेमतेम एकमेकींवर विसावलेल्या राहतात आणि रायफल पडली, बोल्ट जोरात बंद झाला किंवा थोडी झीज झाली की बोट न लावताही बार उडू शकतो. काही ट्रिगरांत वजनाचा स्क्रू, टेकीचा स्क्रू आणि ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू असे तिन्ही शेजारी शेजारी असतात. कोणता स्क्रू कशाचा हे माहीत नसताना पाना लावणे हा मुळीच धाडसाचा प्रकार नाही, निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

हा धोका घरगुती खटाटोपापुरता मर्यादित नाही. २०१४ साली रेमिंग्टन कंपनीने आपल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली परत मागवल्या. २००६ पासून बनलेल्या, एक्स-मार्क प्रो ट्रिगर असलेल्या रायफलींचा त्यात समावेश होता. जुळणीच्या वेळी वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाल्याने काही ट्रिगर आपोआप सुटू शकतात, असे कारण कंपनीने दिले होते. एवढ्या मोठ्या कारखान्यात, ठरलेल्या यंत्रांवर बनलेल्या ट्रिगरमध्ये एका चिकट पदार्थाने असे होऊ शकत असेल, तर घट्ट झालेले तेल आणि धूळ काय करतील याचा विचार करावा. कडाक्याच्या थंडीत दाट तेल आळते, सिअर पुरता जागेवर परत येत नाही, आणि अशा स्थितीत बोल्ट बंद करतानाच बार उडू शकतो. ट्रिगरच्या पेटीत भरपूर तेल ओतणे हा काळजीचा नव्हे, निष्काळजीपणाचाच प्रकार आहे. ती स्वच्छ आणि जवळजवळ कोरडी असावी.

ट्रिगरमध्ये काहीही बदल केला की पुढील तपासणी झालीच पाहिजे. रायफल रिकामी आहे याची नजरेने आणि बोटाने खात्री करून, बोल्ट जोरात आपटून बंद करावा आणि फायरिंग पिन सुटते का ते पाहावे. हे अनेकदा करावे. सेफ्टी (बार उडू न देणारी कळ) लावून ट्रिगर घट्ट दाबावा, सोडावा, आणि मग बोट दूर ठेवून सेफ्टी काढावी. त्या क्षणी पिन सुटली तर रायफल वापरण्यास अयोग्य आहे. दस्त्याचा तळ जाड रबरावर काही इंचांवरून आपटून तेच पाहावे. यांपैकी एकाही वेळी पिन सुटली, तर ‘एकदाच झाले’ असे म्हणून सोडून देऊ नये.

मोजण्याबद्दल थोडेसे. स्प्रिंगचा किंवा डिजिटल गेज ट्रिगरच्या वळणावर जिथे बोट बसते तिथेच अडकवावा, कारण टोकाकडे अडकवला तर तरफेमुळे आकडा कमी दिसतो. ओढ सावकाश आणि नळीच्या रेषेत सरळ मागे हवी. दहा वेळा मोजून सरासरी काढावी, पण सरासरीपेक्षा दहा आकड्यांतल्या फरकाकडे अधिक लक्ष द्यावे. सरासरी १.३ किलो असून आकडे १.१५ ते १.५ यांच्यात हेलकावे खात असतील, तर तो ट्रिगर कारागिराकडे नेण्याजोगा आहे; सगळे आकडे ५०-६० ग्रॅमच्या आत असतील तर उत्तम.

‘नेमका आकडा सांगा’ असे वाचक म्हणतील, म्हणून माझे मत देतो. टेकून, सावकाश, लहान जनावरांवर लांबून गोळी झाडणाऱ्या अनुभवी माणसाने एक किलोच्या आसपास जायला हरकत नाही. पायी हिंडून मध्यम जनावरांची शिकार करणाऱ्याने १.३ ते १.६ किलो ठेवावे. जाड हातमोजे, बर्फ, हाकाऱ्याची शिकार, आजूबाजूला इतर माणसे अशी परिस्थिती असेल तर १.६ ते २ किलो. उलटून अंगावर येऊ शकणाऱ्या मोठ्या जनावरांसाठीही १.८ च्या खाली मी जाणार नाही. तिथे अंतर थोडे असते, घाई फार असते आणि हाताला हिसका बसणार हे गृहीतच धरावे लागते. नवशिक्याने या प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात करावी. हलका ट्रिगर लावल्याने गोळी ‘लवकर’ सुटते असेही मूळ लेखात सुचवले आहे. तसे नाही. सिअर सुटल्यापासून काडतुसावर घाव पडेपर्यंत जे काही मिलिसेकंद जातात ते फायरिंग पिनच्या स्प्रिंगवर, पिनच्या वजनावर आणि तिच्या प्रवासाच्या लांबीवर ठरतात. ट्रिगरच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नाही.

ज्यांना आपला ट्रिगर जड वाटतो त्यांनी तो हलका करण्यापूर्वी काही आठवडे रिकाम्या रायफलीवर सराव करून पाहावा. सेंटरफायर रायफलीत (जिच्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आपटते) नकली काडतूस घालून, सुरक्षित दिशेला, बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे दाब वाढवत न्यावा आणि पिन पडल्यानंतरही दुर्बिणीतले फुलीचे केंद्र हलले नाही ना, हे पाहावे. रिमफायर रायफलीत (जिच्यात पिन काडतुसाच्या कडेवर आपटते) मात्र नकली काडतुसाशिवाय हे करू नये, पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्हींचे नुकसान होते. या सरावानंतर दीड किलोचा ट्रिगर जड आहे अशी तक्रार करणारे फार थोडे उरतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटचा मुद्दा वापरलेल्या रायफलीचा, कारण नवशिके बहुधा तीच घेतात. अशा रायफलीचा ट्रिगर विलक्षण गोड लागला तर खूश होण्याआधी संशय घ्यावा. कारखान्यात स्क्रूंवर लाखेचा किंवा रंगाचा ठिपका लावलेला असतो. तो फुटलेला किंवा खरवडलेला असेल, स्क्रूच्या खाचेला ओरखडे असतील, तर आधीच्या मालकाने काहीतरी फिरवले आहे असे समजावे. काय फिरवले हे त्याच्या सांगण्यावर ठेवू नये. वर दिलेली तपासणी पुरी होऊन कारागिराने टेक मोजून पाहीपर्यंत त्या रायफलीत एकही काडतूस भरू नये.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक